बेतोड्यातलं रेट्रोफिट, ११ महिन्यांनी: साडेतीन तारे

आमच्या जुन्या सीएनसी मिलिंग मशिनचं रेट्रोफिट करून घेतलं, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवा कंट्रोल (मशिनला हुकूम देणारा कॉम्प्युटर) आणि नवं पॅनेल; त्याचा हा हिशोब. तारे आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढे वाचायला नको. पॅनेलचं काम चार, कंट्रोल चार, विक्रीनंतरची सेवा दोन. सरासरी साडेतीन होत नाही हे मलाही कळतं. उरलेलं वजन मशिन आज चालतंय याचं आहे.

माझं वर्कशॉप फोंड्याजवळ, बेतोडा औद्योगिक वसाहतीत. वडिलांच्या वेळी सगळी कामं खाणीची असायची: कन्व्हेयरचे रोलर, टिपरच्या पिना आणि बुश, बार्जचे शाफ्ट. २०१२ साली खाणी बंद झाल्या, सुरू होतात न होतात तोच २०१८ मध्ये पुन्हा बंद. तेव्हापासून आम्ही औषधांच्या कारखान्यांसाठी पॅकिंग मशिनांचे चेंज पार्ट (मालाचा आकार बदलला की बदलायचे सुटे भाग) करतो. त्यात दोन-तीन शतांश मिलिमीटरची चूकही खपत नाही, आणि म्हणून व्हीएमसी, म्हणजे हे मिलिंग मशिन, बंद पडलं की धंदाच बंद पडतो.

मशिन जुनं आहे, टेबलाचा प्रवास ८०० बाय ५०० मिलिमीटर, बीटी ४० स्पिंडल (कटर धरून फिरणारा दांडा), १९९०च्या दशकातली बांधणी. ओतकाम असं की आजच्या नव्या हलक्या मशिनांनी लाजावं. पण कंट्रोलचा पडदा सकाळी दोन थपडा खाल्ल्याशिवाय उजळत नव्हता आणि सुटे कार्ड मिळणं संपलं होतं. नव्या मशिनचे पैसे नव्हते. बेळगावच्या एका पार्टीने कोटेशन दिलं: नवा कंट्रोल, तिन्ही अक्षांना (एक्स, वाय आणि वर-खाली जाणारा झेड) नवे एसी सर्व्हो ड्राइव्ह (मोटरला हवी तेवढीच वीज देणारा डबा) आणि मोटर, जुन्या स्पिंडल मोटरला नवा व्हीएफडी (तिचा वेग बदलणारा ड्राइव्ह), पॅनेल नवं. ६ लाख ४० हजार, जीएसटी वेगळा. पार्टीचं नाव इथे लिहीत नाही, ड्राइव्हच्या कंपनीचंही नाही. का ते वाचताना कळेलच: दोष बहुतेक वेळा त्या कंपनीचा नव्हताच.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात मशिन चालू झालं. पॅनेल उघडलं की मन प्रसन्न होतं, हे मान्य केलंच पाहिजे. प्रत्येक वायरला नंबर, प्रत्येक टोकाला फेरूल (धातूची टोपी), केबल ट्रफ सरळ रेषेत. आमचे मामा (ऑपरेटर, वय ५८, वर्कशॉपात सगळेच त्यांना मामा म्हणतात) दार उघडून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "शेट, हें देवघराभशेन दिसता." (देवघरासारखं दिसतंय.)

देवघराला पंधरा दिवसांत पहिलं विघ्न आलं.

झेड अक्ष. सकाळी मशिन मस्त चालायचं, अकराच्या सुमारास झेडच्या ड्राइव्हवर ओव्हरलोड. रिसेट केला की अर्धा तास चालायचं, पुन्हा तेच. बेळगावहून टेक्निशियन आला, अनमोड घाट उतरून. पोरगा स्वभावाने गोड. "होतंय की सर, सोडा, ड्राइव्ह बदलून टाकूया." ड्राइव्ह बदलला. दोन दिवसांनी पुन्हा अकरा वाजता ओव्हरलोड. पुन्हा आला, या वेळी अ‍ॅक्सिलरेशन कमी केलं, अलार्म अकराऐवजी साडेबाराला यायला लागला. दोन्ही दिवशी दुपारी त्याला माशाचं ताट मात्र वेळेवर लागलं. त्याबद्दल तक्रार नाही, बेळगावहून गोव्यात आलेल्या माणसाने तेवढं तरी करावं.

तिसऱ्यांदा मी त्याला बोलावलंच नाही. कुंडईच्या एका कारखान्यात मेंटेनन्समधून निवृत्त झालेले एक काका फोंड्यात राहतात, स्कूटरवरून येतात, एका फेरीचे १५०० घेतात. पिशवीत मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) आणि एक लाकडी ठोकळा. ठोकळा कशाला ते आधी कळलं नाही. त्यांनी झेडचं हेड (स्पिंडल धरणारा जड भाग) खाली आणून टेबलावर तो ठोकळा टेकवला आणि मगच पॅनेलला हात लावला. झेडच्या मोटरला हेड धरून ठेवणारा ब्रेक असतो; तो सुटला आणि ड्राइव्ह बंद असला की हेड खाली येतं, आणि त्या वेळी टेबलावर कोणाचा हात असेल हे सांगता येत नाही. बेळगावच्या पोराने दोन्ही वेळा ठोकळ्याशिवाय काम केलं होतं. आमच्या नशिबाने काही झालं नाही.

काकांनी ड्राइव्हच्या मॉनिटरवर टॉर्क (मोटरचा जोर) लावला आणि झेड हळूहळू वर-खाली चालवला. वर जाताना ९० टक्के. खाली येताना उणे ३०. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हेड स्वतःच्या वजनाने खाली यायला पाहिजे ना? मग मोटर त्याला खाली ढकलतेय कशाला?" बारावी नापास माणसालाही कळेल असा प्रश्न, आणि आम्हा चौघांपैकी कोणाला महिनाभर सुचला नव्हता. ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. मोटर ब्रेक घासत घासत हेड ओढत होती.

मग मोजमाप. मोटरच्या ब्रेकला २४ व्होल्ट डीसी लागतात, साधारण दहा टक्क्यांची सूट, म्हणजे २१.६च्या खाली गेलं की भरवसा नाही. मोटरच्या टोकाशी निघाले २०.४. पॅनेलमधला एसएमपीएसच (२४ व्होल्ट पुरवणारा डबा) २२.३वर बसला होता, कारण कूलंटचा सोलेनॉइड, दिवे, सगळे रिले आणि ब्रेक, सगळा संसार त्या एकाच्या डोक्यावर. पुढे अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या लांब वायरीत एक व्होल्ट गेला. उरलेला ब्रेकच्या रिलेच्या जळक्या कॉन्टॅक्टमध्ये. ब्रेकच्या कॉइलवर सर्ज सप्रेसर (ठिणगी आवरणारा भाग) बसवलाच नव्हता, त्यामुळे दर वेळी ठिणगी पडून कॉन्टॅक्ट काळे झाले होते. आणि अकरा वाजताच का, तर कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, करंट कमी होतो आणि ब्रेकची ओढ आणखी ढिली पडते. ब्रेकला वेगळा एसएमपीएस, दीड चौरस मिलिमीटरची वायर, नवा रिले, सप्रेसर. खर्च तीन हजारांच्या आत. आता वर जाताना ४२, खाली येताना २२, नुसतं उभं असताना ३२. मामांनी हे तीन आकडे पॅनेलच्या दारावर आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेत. बदललेला जुना ड्राइव्ह कपाटात आहे, धडधाकट.

मे महिन्यात वायचा नंबर लागला. स्पिंडल ४००० फेऱ्यांच्या वर गेलं की कधी तरी वायच्या ड्राइव्हवर एन्कोडरचा (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या भागाचा) अलार्म. दिवसातून एकदा, कधी चारदा, कधी दोन दिवस नाहीच. असा बिघाड सगळ्यात वाईट. पूर्ण मेलेली गोष्ट शोधायला सोपी असते.

इथे मीच शहाणपणा केला. कोणीतरी सांगितलं की अर्थिंग खराब असेल. पटलं, कारण आमची जमीन चिऱ्याची, मेपर्यंत कोरडी ठणठणीत होते. अर्थ पिटमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं. मग कोळसा आणि मीठ घालून नवा खड्डाच काढला. ९ हजार गेले. अलार्म तसाच. काकांनी नंतर समजावलं की अर्थ पिट माणसाच्या जिवासाठी हवाच, तो खर्च वाया गेला असं समजू नका. पण व्हीएफडीचा विजेचा गोंगाट एन्कोडरच्या वायरीत शिरतो तो पॅनेलमध्ये आणि मशिनवर, तीस फुटांवरच्या खड्ड्याला त्याचा पत्ताही नसतो.

अदलाबदलीची चाचणी बेळगावच्या पोरानेच केली होती, त्याचं श्रेय त्याला. एक्स आणि वायच्या मोटर सारख्याच आहेत, म्हणून त्याने ड्राइव्हच्या बाजूला दोन्हींच्या पॉवर आणि एन्कोडर केबल एकमेकांत बदलल्या. अलार्म आता एक्सच्या ड्राइव्हवर आला. म्हणजे ड्राइव्ह निर्दोष, दोष वायच्या केबलकडे किंवा मोटरकडे. बरोबर. मग त्याने नवी केबल मागवली, ती बारा दिवसांनी आली, जुनीच्या जागी घातली आणि अलार्म पहिल्याच दिवशी परत. चाचणीने खरं तेच सांगितलं होतं. आम्ही "केबल" ऐकलं आणि केबल बदलली, ती कुठून जाते ते पाहिलंच नाही. वायची एन्कोडर केबल ड्रॅग चेनमध्ये (केबल वाहणाऱ्या हलत्या साखळीत) स्पिंडलच्या पॉवर केबलला टाय मारून मारून बिलगवलेली होती. दिसायला सुबक. नव्या केबलनेही तोच संसार थाटला.

(ज्यांना ही अदलाबदल स्वतः करायची असेल त्यांच्यासाठी: मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट डीसी उरलेले असतात. ड्राइव्हवर थांबायची मिनिटं छापलेली असतात, तेवढी थांबा आणि मग मीटर लावून खात्री करा. आणि झेडशी ही अदलाबदल खेळू नका, तिथे ब्रेक आहे.)

काकांनी केलं ते असं. एन्कोडर केबल आणि स्पिंडलची केबल ड्रॅग चेनमध्ये दोन टोकांना, मध्ये पडदी. स्पिंडलला शील्ड (तारेच्या वेणीचं वेष्टण) असलेली केबल. पॅनेलमध्ये शील्डची वेणी पिळून, चार बोटं लांब शेपटी करून टर्मिनलला जोडली होती, ती कापून शील्डला चारही बाजूंनी पकडणारे क्लॅम्प. क्लॅम्प बसवायला माउंटिंग प्लेट खरवडली, तेव्हा कळलं की तिच्यावर पावडर कोटिंग तसंच होतं. सुंदर, गुळगुळीत आणि वीज न वाहणारं. देवघराला रंग फार लागला होता. व्हीएफडीची चौकटही त्याच रंगावर बसवलेली, तिच्याखालचाही रंग काढला. त्या दिवसापासून आजपर्यंत एन्कोडरचा अलार्म नाही.

जुन्या कंट्रोलची या वेळी आठवण आली, ते कबूल करतो. फानुक कंपनीच्या झिरो मालिकेत एक्सचा ४१४ नंबरचा अलार्म आला की डायग्नोसिसचा ७२० नंबर उघडायचा आणि आठ बिटांपैकी कुठला एक झालाय ते पाहायचं: जास्त करंट, जास्त व्होल्टेज, कमी व्होल्टेज, ओव्हरलोड, फीडबॅक, सगळं त्या एका ओळीत. नव्या कंट्रोलच्या पडद्यावर फक्त "ड्राइव्ह अलार्म" असं लिहून येतं, अक्षाचं नावही नाही. खरा आकडा पॅनेलमध्ये ड्राइव्हच्या इवल्याशा डिस्प्लेवर, म्हणजे दार उघडा, वाका, चष्मा लावा. आणि घाईत कोणी मेन स्विच बंद-चालू केला की डिस्प्लेवरचा पुरावा गेला. ड्राइव्हच्या इतिहासात तो असतो, पण तिथे कसं पोचायचं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. एकाच कंपनीचा कंट्रोल आणि ड्राइव्ह नसला की हे होतं. कोटेशन घेताना हा प्रश्न मी विचारला नाही, तुम्ही विचारा.

जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सोमवारी एक्सवर ओव्हरकरंट, मशिन चालू करताक्षणी. या वेळी मी बेळगावला फोनच केला नाही. घाटात झाड पडलंय हे उत्तर मला पाठ होतं. काकांनी मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवली (मेगर ड्राइव्हला किंवा एन्कोडरच्या वायरींना कधीही लावायचा नाही, ५०० व्होल्टने आतलं इलेक्ट्रॉनिक्स मरतं) आणि मोटरच्या वायरी अर्थशी तपासल्या. ०.४ मेगओहम. कनेक्टर उघडला तर आत कूलंटचं दुधी पाणी. कनेक्टरचं तोंड वर, केबल वरून खाली येणारी, पाणी केबलवरून थेट आत उतरत होतं. हेअर ड्रायरने दोन तास सुकवलं, काटा शंभराच्या पुढे गेला. कनेक्टर फिरवून तोंड खाली केलं, केबलला खाली झोळ दिला म्हणजे पाणी झोळातून ठिबकेल. हेअर ड्रायर बायकोचा. तो वर्कशॉपातच राहिला आहे आणि त्यावरून घरी जे चाललंय त्याला तारे नाहीत.

पावसाळ्याचं आणखी एक. पॅनेलला एसी आहे. आमच्या पोरांना दार उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावायची जुनी सवय. थंड पॅनेलमध्ये जुलैची हवा शिरली की ड्राइव्हवर दव धरतं, आणि फॅन बिडाची धूळ आत ढकलतो. दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे.

चवथीला पाच दिवस वर्कशॉप बंद. उघडलं तर तिन्ही अक्ष होम (मोजणीची मूळ जागा) विसरलेले. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची आठवण ३.६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर चालते आणि ती बॅटरी मशिन बंद असतानाच खर्च होते. आमच्या तिन्ही २.९वर. नव्या पॅनेलमध्ये पाच महिन्यांत बॅटरी उतरते म्हणजे ती कुठल्या कपाटात किती वर्षं पडून होती देव जाणे. हा दोष मात्र सरळ पार्टीचा, त्यांनी मान्यही केला आणि नव्या कुरिअरने पाठवल्या. होम पुन्हा जुळवायला, डायल लावून, फिक्स्चरची ऑफसेट तपासून, अख्खा दिवस गेला. बॅटरी बदलताना मशिन चालू ठेवायचं असतं, हे आता दारावर मामांच्या आकड्यांच्या खाली लिहिलंय. दार हळूहळू पोथी होत चाललंय.

डिसेंबरातली रात्रपाळी थोडक्यात सांगतो. रात्री दहानंतर एक्सवर ओव्हरव्होल्टेज, नेहमी रॅपिडच्या (जलद सरकण्याच्या) शेवटी, थांबताना. थांबताना मोटर जनरेटर होते आणि टेबलाची ऊर्जा ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (आतल्या डीसी पुरवठ्यात) परत येते. ती जाळायला रेझिस्टर असतो. पार्टीने मोठा बाहेरचा रेझिस्टर दिला होता, चांगली गोष्ट, पण ड्राइव्हच्या आतल्या रेझिस्टरची पट्टी काढली नव्हती. शिवाय वसाहतीतला लोड रात्री उतरला की आमच्याकडे ४४५ व्होल्ट येतात. ड्राइव्हला २२० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर ४१५च्या टॅपवर (जोडणीवर) होता, म्हणजे २२०च्या जागी २३६, आणि बसवर ३३४ आधीपासूनच. पट्टी काढली, टॅप ४४०वर नेला, बस ३१५वर आली. पंधरा मिनिटांचं काम. त्याआधी फोनवरून मिळालेला सल्ला असा होता: "रात्री रॅपिड ५० टक्क्यांवर चालवा की सर."

ज्या गोष्टीने मी खरोखर चिडलो ती याच सुमारास सापडली. वायच्या दिशेने भोकांमधलं अंतर जरा इकडे-तिकडे यायला लागलं होतं. अलार्म काही नाही. काकांनी पॅरामीटर पाहिले तर वायच्या पोझिशन डेव्हिएशनची मर्यादा बाकीच्या अक्षांच्या तिप्पट. म्हणजे आधी कधी तरी डेव्हिएशनचा अलार्म आला असणार आणि पोराने मर्यादा वाढवून त्याला गप्प केलं असणार, कोणाला न सांगता. ड्राइव्ह ओरडत होता की अक्ष मागे पडतोय, आणि याने त्याच्या तोंडात बोळा कोंबला. मर्यादा मूळ जागी आणल्यावर अलार्म आला, आणि तासाभरात कारणही: डाव्या स्लाइडला तेल नेणारी नळी जुन्या तेलाच्या आणि कूलंटच्या चिकट्याने बंद होती. स्लाइड कोरडी चालत होती, सहा महिने तरी. नळी दोनशे रुपयांची. स्लाइडवर पडलेले ओरखडे मात्र आता तिथेच राहणार.

११ महिन्यांत सहा बिघाड, सगळे ड्राइव्हवर दिसले, आणि एकाही वेळी ड्राइव्ह खराब नव्हता. पार्टीकडे ड्राइव्ह बदलायला माणूस आहे, मोजायला नाही. हीच त्यांच्या सेवेची दोन ताऱ्यांची गोष्ट. हे पार्टीच्या मालकांना मी फोनवर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात पोराला मेगर घेऊन दिल्याचा फोटो पाठवला. म्हणून एखादा तारा वाढवायचा मोह होतोय.

चांगल्या गोष्टी लिहिल्या नाहीत तर अन्याय होईल. चेंज पार्टचा जो जॉब जुन्या कंट्रोलवर ४७ मिनिटं घ्यायचा तो आता ३१ मिनिटांत होतो. प्रोग्राम पेनड्राइव्हने जातो, पूर्वी त्यासाठी एक जुना कॉम्प्युटर आणि आरएस-२३२ केबल जिवंत ठेवावी लागायची. मामा दोन दिवसांत नव्या पडद्याला सरावले, मला आठवडा लागला.

वार्षिक देखभालीच्या कराराचं कोटेशन आलंय, ४५ हजार. वायरिंगचं सुधारित ड्रॉइंग, म्हणजे काकांनी केलेले सगळे बदल धरून, आणि तिन्ही ड्राइव्हच्या पॅरामीटरची प्रत पेनड्राइव्हवर, एवढं मागितलं आहे. ड्रॉइंग आलं की सही करीन. काकांना विचारलं, करार घेऊ का? ते म्हणाले, "घ्या, पण माझा नंबर खोडू नका."